पुढचा श्वास

"त्यांना म्हणावं, इथं श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही," मेट्रन मला म्हणाल्या.

'ते' म्हणजे उजागरे सर. ते मेट्रनच्या समोरच उभे होते, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, आणि त्यांचे कान उत्तम होते. तरी मी त्यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "सर, मेट्रन म्हणतायत, इथं श्वास घ्यायला जागा नाही."

"त्यांना सांगा, सगळ्यांनी एकदम घ्यायचा नसतो. शेजारणीनं घेतला की आपण थांबायचं, आपण घेतला की शेजारीण थांबेल. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, एकच माणूस गातंय आणि त्याचा दम संपत नाहीये."

मी मेट्रनकडे वळले. तेवढ्यात त्यांनी पेन्सिलीनं कागदावर खूण करून टाकलीसुद्धा होती. पण निरोप पूर्ण सांगितल्याशिवाय त्या मान हलवत नसत, म्हणून मी तो शब्दन् शब्द सांगितला. मग त्यांनी मान हलवली आणि तालीम पुढं सुरू झाली.

मी तेव्हा मिशन हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये होते. चादरी किती गेल्या, किती आल्या, कुठल्या वॉर्डानं फाटक्या परत करून नव्या मागितल्या, हे दिवसभर बघायचं. ही सवय एकदा लागली की माणसांच्या बाबतीतही सुटत नाही. कोण काय देतं आणि कशाच्या बदल्यात, हे माझ्या आपोआप ध्यानात यायचं. शिवाय गायनात मी आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज. आल्टोला कुणी ऐकत नाही, सूर थोडे असतात आणि नजर मोकळी राहते. उजागरे सरांच्या या गाण्यात तर आम्हा आल्टोंना जवळजवळ सगळीकडे दोनच सूर होते. पहिल्या आठवड्यात मी त्याबद्दल कुरकुर केली, तेव्हा सर म्हणाले होते की त्या दोन सुरांशिवाय बाकीचं सगळं कोसळेल. असं प्रत्येक आल्टोला सांगतात.

नर्सिंग स्कूलचा सुवर्णमहोत्सव होता. सुपरिंटेंडेंट मोहिते डॉक्टरांच्या डोक्यात आलं की पाहुण्यांसमोर आपल्याच लोकांनी चार आवाजांचं नवं वृंदगान म्हणावं. असं काही लिहू शकणारा आमच्या भागात एकच माणूस होता, आणि तो मेट्रनचा सख्खा मेहुणा होता. मेट्रन एस्तेर भांबळ त्या माणसाशी नऊ वर्षं एक शब्द बोलल्या नव्हत्या.

कारण सगळ्या आवाराला पाठ होतं. सरांची बायको सगुणा म्हणजे मेट्रनची थोरली बहीण. आईवडलांच्या मागं हिनंच एस्तेरला वाढवलं, शिकवलं, नर्सिंगला घातलं. ती आमच्याच हॉस्पिटलात फीमेल वॉर्डात वारली. त्या दिवशी सर शाळेच्या मुलांना घेऊन समूहगीत स्पर्धेसाठी कोल्हापूरला गेले होते. सकाळीच मेट्रननी त्या सभागृहाच्या ऑफिसात फोन करून निरोप ठेवला. सर आले ते संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं. तोवर सगुणाबाईंना चॅपेलमध्ये आणून ठेवलं होतं. मुलांना पहिली ढाल मिळाली. लोक ही गोष्ट सांगताना ढाल कधी विसरत नसत. ढाल नसती मिळाली तर कदाचित त्यांनी सरांना थोडी सूट दिली असती.

सरांनी यावर कधी कुणाला काही उत्तर दिलं नाही. त्यांनी नव्या चाली करणं बंद केलं, शाळेतून लवकर निवृत्ती घेतली आणि आवाराच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहू लागले. मोहिते डॉक्टर विचारायला गेले तेव्हा ते नाहीच म्हणतील असं सगळ्यांना वाटलं होतं. सर म्हणाले, करतो. अट एकच: जसं लिहीन तसं एकदा म्हटलं गेलं पाहिजे. एकदाच. पुढं त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आता मेट्रनशिवाय हे जमणार नव्हतं. ड्यूटीवरून मुलींना सोडणं त्यांच्या हातात, आणि वरचा सूर न फाटता धरून ठेवणारी दुसरी बाई आमच्यात नव्हती. शाळा त्यांची, महोत्सव त्यांचा. त्या हो म्हणाल्या. पण बोलणं माझ्यामार्फत. मीच का, तर सोप्रानोच्या, म्हणजे बायकांतल्या वरच्या आवाजाच्या, रांगेत मेट्रन शेवटी आणि त्यांना लागून मी उभी असायची आणि मला नाही म्हणता येत नाही असा लोकांचा समज होता.

गाणं विचित्र होतं. पेटी नाही, ऑर्गन नाही, नुसते गळे. शब्द म्हणाल तर ना कविता ना स्तोत्र. कूस बदला. घोटभर पाणी घ्या. हात द्या. कुठं दुखतंय. आमच्या वॉर्डात सकाळ-संध्याकाळ ऐकू येणारे शब्द, तेवढेच. बेसची, म्हणजे पुरुषांतली खालच्या आवाजाची, मंडळी तोंड मिटून खाली एकच सूर धरून गुणगुणायची. त्यावर टेनर, म्हणजे पुरुषांतले वरच्या आवाजाचे, हे शब्द जवळजवळ बोलल्यासारखे म्हणायचे. सोप्रानोला शब्दच नव्हते. मिटल्या ओठांनी तीन सूर, शेवटचा वर चढणारा, आणि तेच पुन्हा पुन्हा. त्याला लागून आमचे दोन. ते सूर असे होते की एकमेकांना खेटायचे, गर्दीच्या दिवसांत एका खाटेवर दोन पेशंट झोपवतात तसे. कुणालाच आराम नाही. लॅबमधल्या एकानं धीर करून राग कुठला म्हणून विचारलं, तर सर म्हणाले, कुठलाच नाही.

सगळ्यात विचित्र म्हणजे गाणं मध्येच थांबायचं. आधी अगदी बारीक सुरू व्हायचं, चढत जायचं, पार भिंतीला भिडायचं, मग उतरत उतरत नाहीसं व्हायचं. मग शांतता. सरांच्या हस्ताक्षरातल्या सायक्लोस्टाइल कागदावर तिथं रिकामी वर्तुळं काढलेली होती. कुठं थोडी, कुठं ओळभर. सर हात वर धरून उभे राहायचे आणि आम्ही गप्प. मग पुन्हा बारीक सुरुवात. अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लोंढे बेसमध्ये होता. त्यानं मला हळूच विचारलं, "देठेबाई, आपल्याला गायला बोलवलंय का गप बसायला?" मी म्हटलं, गप बसायलाच बोलावलं असणार, तुझा आवाज त्यांनी ऐकलाय.

एका संध्याकाळी मोहिते डॉक्टर तालीम बघायला आले. नर्सिंग स्कूलच्या जेवणघरात टेबलं भिंतीला लावून आम्ही उभे असायचो. डॉक्टरांनी अर्ध्यापर्यंत ऐकलं आणि चष्मा पुसायला घेतला. त्यांना सेवेचा दिवा हवा होता, पन्नास वर्षांची उज्ज्वल परंपरा हवी होती, शेवटी मोठ्यानं आमेन हवं होतं. दिव्याचा उल्लेख तरी कुठंतरी घालता येईल का, असं त्यांनी फार गोड आवाजात विचारलं. सर म्हणाले की दिवा रात्री लागतो आणि हे दुपारचं गाणं आहे. डॉक्टरांना ते कळलं नाही, कुणालाच कळलं नाही. मग त्यांनी शेवटच्या शांततेवर बोट ठेवलं. गाणं तिथंच संपत होतं. चढलं, उतरलं, थांबलं, आणि पुढं नुसती वर्तुळं, पान संपेपर्यंत. पाहुण्यांना संपलं कधी ते कळणार कसं? एवढं काढून टाकू या, असं त्यांचं म्हणणं.

सर काही बोलायच्या आत मेट्रन माझ्याकडे वळल्या. "डॉक्टरांना म्हणावं, ऑपरेशन अर्धं सोडून पेशंटला टेबलावरून उठवत नाहीत."

डॉक्टरांशी त्यांचं बोलणं होतं, त्यांना सरळ सांगता आलं असतं. पण माझ्यामार्फत सांगायची सवय झाली होती, किंवा ते वाक्य सरांना ऐकवायचं होतं. डॉक्टर निघून गेले. सर पाठ करून कागद जुळवत राहिले, बराच वेळ.

याच सुमारास सरांनी वस्तू वाटायला सुरुवात केली होती. सायकल लोंढेला दिली. टेबलफॅन मुलींच्या हॉस्टेलला. मला एक स्टोव्ह आला, पितळी, चांगला घासलेला. मी मनाशी हिशेब मांडला: पुण्याला धाकटा भाऊ आहे, म्हातारपणी तिकडं जाणार असतील, सामान नेण्यापेक्षा वाटलेलं बरं, शिवाय चांगलं नावही निघतं. हिशेबात मला काही चूक दिसली नाही. स्टोव्ह उत्तम चालायचा.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधीपर्यंत आम्ही गाणं तुकड्यातुकड्यांनीच म्हटलं होतं. सोप्रानो वेगळ्या, बेस वेगळे, मग दोन-दोन गट. त्या संध्याकाळी पहिल्यांदा सगळं एकत्र, न अडखळता, शांततांसकट म्हटलं. बेसनं प्रत्येक शांततेनंतर सूर पुन्हा धरताना दोनदा अडखळायचं होतं. आधी एक हलका हुंदका, मग दुसरा, मग सूर. आम्हाला ती लोंढेची चूक वाटली होती. सरांनी ती कागदावर दाखवली, लिहिलेली होती.

सुरुवात झाली. बारीक, मग चढत. कूस बदला. हात द्या. सोप्रानोचे तीन सूर, आमचे दोन. उतरलं. थांबलं. मी खिडकीबाहेर पाहत होते, तिथं दोरीवर माझ्याच चादरी वाळत होत्या. बेस अडखळला, पुन्हा अडखळला, परत सुरू. पुन्हा चढ, पुन्हा उतार. तिसऱ्या शांततेत माझ्या शेजारी काहीतरी हललं. मेट्रननी हातातला कागद खाली टेकवला होता आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. पुढच्या वेळी सोप्रानोचे तीन सूर आले तेव्हा त्यांचा आवाज त्यात नव्हता.

गाणं शेवटच्या शांततेत पोचलं. सरांचे हात वर. मग खाली. मेट्रननी मुलींना सांगितलं की जेवायची वेळ झालीय, जा. पुरुष मंडळीही निघाली. मला जा असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही, म्हणून मी तिथंच राहिले. निरोप्याला बाहेर काढायची कुणाला आठवण होत नाही.

"दाजी," मेट्रन म्हणाल्या.

नऊ वर्षांत पहिल्यांदा. सरांच्या हातातले कागद जागीच थांबले.

"शेवटचा श्वास असाच चालतो. वाढतो, उतरतो, थांबतो. आपल्याला वाटतं संपलं, तर परत येतो. हे कुठल्याही नर्सला विचारलं असतंत तर तिनं सांगितलं असतं. पण अक्का परत श्वास घेताना दोनदा अडखळायची. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"पडद्याच्या आत अक्का होती आणि मी होते. तिसरं कुणी नव्हतं."

"मी मागच्या व्हरांड्यात होतो. जाळीच्या खिडकीपाशी."

मेट्रननी ओठ मिटून ते तीन सूर म्हटले, हळू, शेवटचा वर नेऊन. दोन महिने मी ते ऐकत होते. आता त्याखालचे शब्द मलाही ऐकू आले.

"आले का," मेट्रन म्हणाल्या. "अक्का विचारायची, आले का. श्वास आला की पहिल्यांदा तेवढंच. दोन महिने मी तेच गातेय. आणि यांना दिलेत ते दोन," त्यांनी माझ्याकडे न बघता माझ्याकडे हात केला, "ते मी. येतील. दर वेळी मी म्हणायची, येतील."

मी दोन महिने ज्या दोन सुरांबद्दल कुरकुरत होते ते असे होते.

"कधी आलात?"

"निरोप मिळाल्यावर मुलं बरोबरच्या कदम मास्तरांच्या हवाली केली आणि लगेचच्या गाडीनं आलो. दुपार होताना पोचलो."

"म्हणजे पहिल्यापासून."

"हो."

"मग आत का नाही आलात?"

सर खुर्चीवर बसले. बोलायला लागले तेव्हा आवाज शाळेत धडा सांगतात तसा सपाट होता. त्यांची आई गेली तेव्हा थोरला भाऊ मुंबईला होता. तिचा जीव त्याच्यात अडकलाय असं सगळे म्हणत होते. डॉक्टरांनी आशा सोडलेली. तरी तो येईपर्यंत ती थांबली, कित्येक दिवस. तो आला, त्यानं चमच्यानं पाणी पाजलं, आणि पाणी घशाखाली उतरायच्या आत ती गेली. घरातल्या बायका म्हणाल्या, वाटच बघत होती, सुटली. सर तेव्हा लहान होते. त्यांच्या मनात बसलं ते एवढंच की भाऊ आणखी उशिरा आला असता तर आई आणखी जगली असती.

"खिडकीशी आलो तर सगुणा विचारत होती, आले का," सर म्हणाले. "मला वाटलं, विचारतेय तोवर आहे. मी आत गेलो की विचारायचं संपलं."

"आणि ती विचारत राहिली."

"हो."

"दुपारभर. त्या छातीनं."

"ऐकलं मी. सगळं ऐकलं, एस्तेर. मला दुसरं काही येत नाही."

जेवणघराच्या पलीकडे ताटं वाजत होती. मला वाटलं, मेट्रन आता त्यांच्या थोबाडीत देतील, आणि दिली असती तर मी कुणाला सांगितलं नसतं.

"शेवटपर्यंत होतात?"

"श्वास थांबला तोवर. परत येईल म्हणून बराच वेळ उभा होतो. नाही आला. मग स्टँडवर जाऊन बसलो. शेवटची गाडी आली तेव्हा उतरलेल्या माणसांबरोबर चालत आलो."

मेट्रन त्यांच्याकडे बघत होत्या. राउंडला बघतात तसं, नखांपासून कॉलरपर्यंत, सावकाश. कॉलर सैल पडली होती, गळा आत गेला होता. त्या बघण्याला एवढा वेळ लागला की मीही सरांकडे नव्यानं पाहिलं. माणूस बराच वाळला होता. दोन महिने रोज बघत असून ते माझ्या नोंदीतच नव्हतं.

"तुम्ही घाई केलीत," मेट्रन म्हणाल्या. "त्यानंतर तिनं एक श्वास घेतला. आणि बोलली."

सर उठून उभे राहिले. "काय?"

"ते तुमच्या गाण्यात नाही."

"एस्तेर, काय बोलली?"

"परवा मी गाईन. शेवटी तुम्ही हात वर धरता ना, तिथं थांबा. द्यावंसं वाटलं तर तिथं देईन."

आणि त्या जेवायला निघून गेल्या. सरांनी कागद पुन्हा उघडले. शेवटच्या पानावरच्या त्या वर्तुळांकडे बघत उभे होते. दिवा मालवायचा होता म्हणून मी थोडा वेळ थांबले, मग त्यांच्यावरच सोपवून निघाले.

कार्यक्रमाला मांडव भरला होता. जिल्ह्याचे आरोग्याधिकारी, चर्चची वडीलधारी मंडळी, आणि पुढच्या रांगेत शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी. पांढऱ्या केसांच्या, निवृत्त, दूरदूरहून आलेल्या सिस्टर. भाषणं झाली. दिव्याचा उल्लेख सगळ्यांनी केला. मग आम्ही उभे राहिलो.

लोकांना पहिल्यांदा काय चाललंय ते कळेना. घोटभर पाणी घ्या म्हटल्यावर मागं कुणी पोरं हसली. पहिल्या शांततेत एकानं टाळी वाजवली आणि गाणं परत सुरू झालं तेव्हा शरमला. पण पुढची रांग मी बघत होते. दुसऱ्या उतारापर्यंत त्या म्हाताऱ्या नर्सबायांचं हलणं बंद झालं होतं. तिसऱ्या शांततेत त्यांतल्या एकीनं नकळत छातीवर हात नेला. पूर्वी युनिफॉर्मवर घड्याळ टाचलेलं असायचं, त्या जागी. शेजारणीनं तिचा दुसरा हात धरला. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मेट्रन गात होत्या. एवढ्या दिवसांत त्यांचा आवाज असा मी ऐकला नव्हता. सुरेल होताच, पण आता तो विचारत होता. आमचे दोन सूर मी कागदाकडे न बघता, त्यांना उत्तर द्यावं तसे म्हणत होते.

शेवटचा चढ झाला. उतरलं. बेस विरून गेला. थांबलं.

सरांचे हात वर होते. ते मेट्रनकडे बघत होते. आमच्याकडे नाही, लोकांकडे तर पाठच होती. मेट्रनही त्यांच्याकडे सरळ बघत होत्या, ओठ मिटून. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडलं. कुणी खोकलं. तालमीत आम्ही जेवढं थांबायचो तेवढं थांबून झालं, त्याच्या पुढं गेलं. लोंढेनं पाय बदलला. मोहिते डॉक्टर खुर्चीच्या कडेवर आले. सरांचे हात खाली येईनात. आधी बोटं थरथरायला लागली, मग मनगटं, मग कोपरापर्यंत. चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर काढून घेतली आणि मेट्रनकडे पाहिलं. त्यांचा ऊर एकदा श्वासानं भरला. मला वाटलं, आता. मग तो तसाच, आवाज न होता, रिकामा झाला.

शेवटी आरोग्याधिकाऱ्यांनी टाळी वाजवली. त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. मग सगळ्यांनी वाजवली. सरांचे हात खाली पडले, त्यांनी आणले नाहीत. पुढच्या रांगेतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या बसून होत्या.

चहापाणी उरकून मी आणि मेट्रन क्वार्टरकडे निघालो. माझ्यानं राहवेना. मी विचारलं, सगुणाबाई शेवटी काय म्हणाल्या होत्या?

"काही नाही," मेट्रन म्हणाल्या. "पुढं श्वासच नव्हता."

मी थांबले. त्या चालत राहिल्या, म्हणून मला त्यांच्या मागं जावं लागलं. मी विचारलं, मग त्यांना असं का सांगितलंत?

"तुम्हाला स्टोव्ह दिला ना त्यांनी?"

"हो."

"लोंढेला सायकल. हॉस्टेलला पंखा. गेल्या आठवड्यात औषधाच्या खिडकीवर जाऊन सांगितलं, माझ्या गोळ्या पुढच्या महिन्यापासून मागवू नका. का, तर लागणार नाहीत." त्या फाटकाशी थांबल्या. "त्या माणसाशी नऊ वर्षं मी बोलले नाही म्हणून तो काय करायला निघालाय ते मला कळत नाही असं आहे का? हे गाणं झालं की त्याचं इथलं काम संपणार होतं. त्याचा जीव कशात अडकलेलाच नव्हता. आता आहे."

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही त्यांना माफ केलंत.

"असं मी कुठं म्हटलं?" त्या म्हणाल्या. "अक्का दुपारभर वाट बघत होती. बघू दे त्यालाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर लिनन रूमच्या खिडकीशी आले. मेट्रनना विचारा, म्हणाले. मी विचारून आले आणि सांगितलं, आत्ता नाही म्हणाल्यात. सरांनी मान हलवली. मी त्यांना म्हटलं की खिडकीतून जरा बाजूला व्हा, धुतलेले गठ्ठे यायचेत. ते बाजूला झाले. गेले मात्र नाहीत.

त्यानंतर दर रविवारी चर्चनंतर ते मला गाठायचे. मी मेट्रनकडे जायची. अजून नाही. मी परत यायची. गोळ्या ते घेत होते, औषधाच्या खिडकीवर मी चौकशी केली होती. मेट्रन निवृत्त होऊन शेजारच्या गल्लीत राहायला गेल्या तरी हा क्रम चालू राहिला. कधी मला वाटायचं, ही बाई एका माणसाला धरून जगवतेय. कधी वाटायचं, ही त्याला रविवारच्या रविवार थोडं थोडं मारतेय. मी आयुष्यभर जमा आणि खर्च वेगळे ठेवलेत, पण ही नोंद कुठल्या बाजूला घालायची ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. ते गाणं परत कुणी म्हटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मेट्रन गेल्या. झोपेतच, कुणाला विचारायला सवड न देता. सर आता फार थकलेत, डोळे पूर्ण गेलेत, त्यामुळे हे लिहायला मला हरकत वाटत नाही. मातीला एका मुलाचा हात धरून आले होते. सगळं आटोपल्यावर त्यांनी माझ्या आवाजावरून मला शोधलं.

"देठेबाई," ते म्हणाले, "त्या तुम्हाला काही सांगून गेल्या का?"

लोक चपला शोधत होते. मला आल्टोला शोभेल अशा आवाजात उत्तर द्यायचं होतं, कुणाच्या लक्षात येणार नाही असं.

"हो," मी म्हटलं. "सांगितलंय. पण लगेच सांगायचं नाही म्हणाल्यात."

त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"बरं," ते म्हणाले. "रविवारी येतो."